भिंतीतील नळ आणि घराचा सांगाडा

नव्या घरात पाऊल ठेवल्यावर आपण भिंतींचा रंग पाहतो, खिडकीतून येणारा उजेड पाहतो आणि स्नानगृहातील तोटी फिरवून पाणी येते की नाही याची खात्री करून घेतो. ते पाणी तोटीपर्यंत कोणत्या वाटेने आले, हा विचार सहसा कोणाच्या मनात येत नाही. ती वाट भिंतीच्या पोटातून गेलेली असते. भिंत घराचा भार पेलते, नळ पाणी वाहतो. दोघांची कामे वेगळी, परंतु दोघांनाही हवी असलेली जागा मात्र एकच. यातून एक जुना वाद उत्पन्न होतो. सुताराने किंवा गवंड्याने उभारलेल्या मजबूत सांगाड्यात नळकारागीर करवत, गिरमिट व छिन्नी घेऊन शिरतो आणि आपल्या नळासाठी वाट पाडू लागतो.

अशा वेळी एखादी कडी चुकीच्या जागी कापली गेली, तर ती त्याच दिवशी मोडत नाही. काम आटोपते, भिंतीवर गिलावा किंवा तक्ते चढतात आणि झालेली जखम दृष्टिआड होते. पुढे दोन-चार वर्षांनी स्नानगृहाची जमीन किंचित खचल्यासारखी वाटते, फरशीच्या सांध्यांना तडे जातात, दार चौकटीत अडकू लागते. घरमालक सुताराला बोलावून दार तासून घेतो. दोष दारात नसून जमिनीखालच्या खाचेत आहे, हे त्याला कळण्यास मार्ग नसतो. स्नानाच्या टबात दीडशे लिटर पाणी भरले की कडीवर दीडशे किलोग्रॅमचा भार वाढतो, आणि ज्या ठिकाणी हा भार येतो नेमक्या त्याच ठिकाणी नळांसाठी लाकूड कापलेले असते. हा योगायोग नव्हे. पाण्याचा भार आणि पाण्याचे नळ एकाच जागी यावयाचेच.

हा प्रश्न सर्वांत तीव्रतेने जाणवतो तो लाकडी सांगाड्याच्या घरांत. अमेरिकेत व कॅनडात राहती लहान घरे बहुतांशी याच पद्धतीने बांधतात. इ. स. १८३० नंतरच्या दशकात शिकागो परिसरात या पद्धतीचा प्रसार झाला. वाफेवर चालणाऱ्या करवतींमुळे एकसारख्या मापाचे लाकूड मिळू लागले होते आणि यंत्रावर घडविलेले खिळे स्वस्त झाले होते. त्यामुळे जाडजूड खांब व कौशल्याने साधलेली कुसे-खोबणी यांच्या ऐवजी पुष्कळसे सडपातळ खांब जवळजवळ उभे करून ते खिळ्यांनी जोडण्याची रीत रूढ झाली. यातील नेहमीचा खांब बाजारात ‘दोन बाय चार’ इंचांचा म्हणून ओळखला जातो. परंतु वाळवून व रंधून झाल्यावर त्याचे खरे माप ३८ × ८९ मिलिमीटर भरते. असे खांब सुमारे ४०० मिलिमीटर अंतरावर उभे करतात, त्यांना खाली व वर आडव्या पाट्या ठोकतात, बाहेरून प्लायवूड आणि आतून जिप्समचे तक्ते लावतात. मधे ८९ मिलिमीटर खोलीची पोकळी उरते. तिच्यातूनच नळ व विजेच्या तारा जातात.

आपल्याकडील जुन्या वाड्यांचे सागवानी खांब आणि तुळया ज्यांनी पाहिल्या आहेत, त्यांना हा सांगाडा फारच किरकोळ वाटेल. वाड्याच्या तुळईत लाकूड एवढे भरपूर असे की एखादे भोक तिच्या खिजगणतीतही नसे. शिवाय तेथे पाणी भिंतीतून येत नसे, हौदातून किंवा आडावरून भरून आणावे लागे. सडपातळ सांगाड्याची गोष्ट निराळी आहे. त्यातील प्रत्येक लाकूड गरजेपुरतेच जाड असते. त्यात उधळपट्टी नाही, आणि म्हणूनच फाजील शिल्लकही नाही. अशा लाकडातून काही काढून घ्यावयाचे तर कोठून काढावे, हे जाणले पाहिजे.

किती काढले यापेक्षा कोठून काढले याला अधिक महत्त्व असते. हे कसे, ते समजण्यासाठी रबराचा एक जाडसर खोडरबर घ्यावा. त्याच्या बाजूवर शाईने जवळजवळ उभ्या रेघा आखाव्यात आणि दोन्ही टोके धरून तो खालच्या बाजूस फुगेल असा वाकवावा. वरच्या कडेशी रेघा परस्परांच्या जवळ येतात. म्हणजे तेथील द्रव्य दाबले जाते. खालच्या कडेशी त्या फाकतात. तेथील द्रव्य ताणले जाते. मध्यभागी मात्र रेघांमधील अंतर होते तेवढेच राहते. दोन भिंतींवर टेकलेली आणि माथ्यावर भार घेतलेली कोणतीही कडी अशीच वाकते, फक्त ते वाकणे डोळ्यांना दिसत नाही. वरचा थर दाब सोसतो, खालचा थर ताण सोसतो आणि मधला थर, ज्याला अभियंते उदासीन थर म्हणतात, वाकण्याच्या कामात जवळजवळ काहीच भाग घेत नाही.

ही गोष्ट माणसाला सहजासहजी उमगली नाही. गॅलिलिओने १६३८ साली लायडन येथे प्रसिद्ध झालेल्या आपल्या अखेरच्या ग्रंथात भिंतीतून बाहेर आलेल्या तुळईच्या बळाचा विचार केला आहे. तुळईचे बळ तिच्या रुंदीच्या प्रमाणात वाढते, परंतु उंचीच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, हे त्याने बरोबर ओळखले. फळी आडवी ठेवण्यापेक्षा उभ्या कडेवर ठेवली असता अधिक भार का घेते, याचे उत्तर त्यात आहे. मात्र तुळईतील सर्वच तंतू ताणले जातात आणि ती आपल्या खालच्या कडेभोवती फिरते, असे त्याने गृहीत धरले. त्यामुळे त्याचे उत्तर वास्तवाच्या तिप्पट आले. उदासीन थर मध्यावर असतो, हे पारां या फ्रेंच शास्त्रज्ञाने १७१३ साली दाखविले. कूलाँने १७७३ साली फ्रेंच अकादमीपुढे मांडलेल्या निबंधात ते पक्के केले आणि नाविएच्या १८२६ सालच्या व्याख्यानग्रंथातून ते अभियंत्यांच्या नित्य वापरात आले. गॅलिलिओच्या त्याच ग्रंथात पोकळ दांड्याचे बळ, पक्ष्यांची हाडे व बोरूच्या काड्या यांचाही विचार आहे. आपल्या डोळ्यांसमोर तर बांबू उभाच आहे. मधले द्रव्य गाळून तेच बाहेरच्या कडेला मांडले, तर थोड्या द्रव्यात मोठे बळ मिळते, हे त्याच्याकडे पाहून कळते. शेतातील ज्वारीच्या ताटाचा आतला भेंडही असाच मऊ असतो. वाऱ्यापुढे टिकाव धरते ते बाहेरचे टणक आवरण.

आता याचा हिशेब कडीला लावून पाहू. जमिनीखाली घालावयाची २३५ मिलिमीटर उंचीची एक कडी घेतली. तिच्या उंचीचा तिसरा हिस्सा म्हणजे सुमारे ७८ मिलिमीटर. एवढ्या व्यासाचे भोक कडीच्या बरोबर मध्यरेषेवर पाडले, तर त्या जागी वाकण्यास विरोध करणारे बळ एक-तृतीयांशाच्या घनाएवढे, म्हणजे सत्ताविसांश भागाने कमी होते. ही घट शेकडा ४ देखील नाही. तेवढ्याच खोलीची खाच खालच्या कडेतून कापली, तर कडीची उंची दोन-तृतीयांश उरते आणि बळ उंचीच्या वर्गावर अवलंबून असल्यामुळे ते नऊ भागांपैकी चार भाग शिल्लक राहते. म्हणजे शेकडा ५६ बळ गेले. दोन्ही वेळा कडीच्या उंचीतून सारखेच लाकूड वजा झाले. एकदा कडीला त्याचा पत्ताही लागला नाही, दुसऱ्यांदा ती निम्म्याहून अधिक दुबळी झाली.

प्रत्यक्षात खाच या हिशेबाहूनही अधिक घातक ठरते. लाकडाचे तंतू लांबीच्या दिशेने धावतात आणि त्यांना परस्परांपासून आडवे फाडणे सोपे असते. खाचेच्या काटकोनी कोपऱ्याशी ताण एकवटतो आणि तेथून तंतूंच्या दिशेने चीर निघते. सरपण फोडणाऱ्याला हे सांगावे लागत नाही. कुऱ्हाडीचा पहिला घाव बसला की पुढची फाट आपोआप पळते.

शाळेत याचा प्रयोग करून पाहता येतो. गाठी नसलेल्या, सरळ तंतूंच्या देवदार लाकडाच्या ६ मिलिमीटर जाड, १८ मिलिमीटर उंच आणि सुमारे ६० सेंटिमीटर लांब अशा तीन पट्ट्या एकाच फळीतून कापून घ्याव्यात. पहिली तशीच ठेवावी. दुसरीच्या मध्यावर, उंचीच्या बरोबर मधोमध, ६ मिलिमीटरचे भोक पाडावे. तिसरीच्या मध्यावर खालच्या कडेत ६ मिलिमीटर खोल खाच कापावी. प्रत्येक पट्टी दोन स्टुलांवर उभ्या कडेने टेकवून, आधारांत ५० सेंटिमीटर अंतर ठेवून, मध्याजवळ दोरीने रिकामी बादली टांगावी आणि पेल्याने मोजून तिच्यात पाणी ओतत जावे. बादली जमिनीपासून चार बोटेच वर असावी आणि कोणाचा पाय तिच्याखाली नसावा. तिसरी पट्टी बाकीच्या दोघींच्या कितीतरी आधी मोडते. पहिल्या दोघींत कोण आधी मोडेल हे मात्र सांगणे कठीण, कारण लाकडाच्या दोन तुकड्यांत निसर्गतःच जो फरक असतो तो भोकाने पडणाऱ्या फरकाहून मोठा असतो.

तथापि मध्यरेषेवरील भोक सर्वत्र निर्धोक असते, असे कोणी समजू नये. जाड वही हातात धरून वाकवली की तिची पाने परस्परांवरून सरकतात. कडीतील लाकडाचे थरही असेच सरकू पाहतात, परंतु ते एकसंध असल्यामुळे सरकू शकत नाहीत. सरकण्याची ही ओढ उदासीन थरातच सर्वाधिक असते आणि लांबीच्या दिशेने पाहिले तर आधाराजवळ सर्वाधिक असते. म्हणजे वाकविणारे बल कडीच्या मध्यभागी मोठे, तर थर सरकविणारे बल टोकांशी मोठे. म्हणून भोकांना आधाराच्या अगदी लगत जागा देऊ नये आणि खाचांना मध्यभागी थारा देऊ नये.

अमेरिकेतील निवासी इमारतींच्या आदर्श नियमावलीत (तिची पहिली आवृत्ती २००० सालची, तीतील हे दंडक मात्र तिच्याहून जुने आहेत) सुताराला ध्यानात ठेवता येतील असे साधे आकडे दिले आहेत. अखंड लाकडाच्या कडीतील भोकाचा व्यास तिच्या उंचीच्या एक-तृतीयांशाहून अधिक नसावा, आणि भोक वरच्या वा खालच्या कडेपासून, तसेच दुसऱ्या भोकापासून, किमान ५१ मिलिमीटर दूर असावे. खाचेची खोली उंचीच्या एक-षष्ठांशाहून अधिक नसावी आणि लांबीच्या मधल्या तिसऱ्या हिश्शात खाच मुळीच नसावी. फक्त टेकलेल्या टोकाशी ती एक-चतुर्थांशापर्यंत चालते. एक-षष्ठांश हे माप ऐकावयास क्षुल्लक वाटते. परंतु वर्गाच्या नियमाने त्या जागी बळ छत्तीस भागांपैकी पंचवीसच उरते. नियमाने मुभा दिली म्हणून खाच पाडावीच असे नाही. चांगला कारागीर ती मुभा शेवटचा उपाय म्हणूनच वापरतो.

मग नळकारागीर खाच पाडण्याच्या मोहात का पडतो? त्याच्या बाजूनेही पाहिले पाहिजे. कड्या ४०० मिलिमीटर अंतरावर असतात. तांब्याचा किंवा कठीण प्लॅस्टिकचा तीन मीटर लांबीचा सरळ नळ, एका रांगेत पाडलेल्या भोकांतून ओवता येत नाही. समोर भिंत आड येते. तो तुकडे करून प्रत्येक ठिकाणी जोडावा लागतो आणि प्रत्येक जोड म्हणजे गळतीची नवी शक्यता. कड्यांच्या माथ्यावर खाचा पाडल्या की तोच नळ वरून अखंड ठेवता येतो आणि तासाभरात काम उरकते. हा मोह आळसातून नव्हे, कामाच्या अडचणीतून उत्पन्न झालेला आहे. दोरीसारखे वळणारे पॉलिथिलीनचे नळ वापरात आल्यापासून पुरवठ्याच्या पाण्यापुरती ही अडचण बरीचशी दूर झाली, कारण ते भोकांतून तारेप्रमाणे ओवून नेता येतात.

सांडपाण्याचा नळ मात्र वळवून चालत नाही. त्याला ढाळ हवा. लहान नळासाठी दर ४८ भागांस १ भाग एवढा उतार ठेवतात. दोन इंची म्हणविल्या जाणाऱ्या नळाचा बाहेरचा व्यास ६० मिलिमीटर असतो. त्यासाठी ६४ मिलिमीटरचे भोक पाडावे लागते. आपल्या २३५ मिलिमीटरच्या कडीत वर ५१ व खाली ५१ मिलिमीटर सोडल्यास १३३ मिलिमीटरचा पट्टा उरतो आणि त्यात हे भोक वरून खाली ६९ मिलिमीटर सरकू शकते. एवढ्या उतारात नळ सुमारे ३.३ मीटर जाईल. म्हणजे आठ-नऊ कड्या ओलांडून झाल्यावर त्याची वाट संपली. शौचकूपाचा तीन इंची नळ तर बाहेरून ८९ मिलिमीटर असतो. त्याला ही कडी आडवी ओलांडताच येत नाही. त्यासाठी निदान २८६ मिलिमीटर उंचीची कडी पाहिजे. हा नळ कड्यांना समांतर, दोन कड्यांच्या मधल्या पोकळीतून नेला, तर एकही भोक पाडावे लागत नाही. म्हणून शौचकूप कोठे असावा आणि कड्या कोणत्या दिशेने टाकाव्यात, या दोन गोष्टी नकाशावर एकाच वेळी ठरल्या पाहिजेत. नकाशावर पेन्सिलीची एक रेघ सरकविणे सोपे; घर उभे राहिल्यावर तेच काम करवतीने करावे लागते.

भिंतीतील उभ्या खांबांचे काम कड्यांहून वेगळे असते. ते वाकत नाहीत, वरून येणारा भार सरळ खाली पोचवितात. येथेही खाचेपेक्षा भोक बरे, परंतु कारण निराळे आहे. मध्यावर भोक पाडले तर दोन्ही बाजूंस सारखे लाकूड उरते आणि भार मधोमधच राहतो. एका बाजूने खाच पाडली तर उरलेल्या लाकडाचा मध्य बाजूला सरकतो. ८९ मिलिमीटरच्या खांबात पाव भाग खोलीची खाच केली की हा मध्य ११ मिलिमीटर ढळतो. वरचा भार जणू काठीच्या टोकावर तिरका दाबल्याप्रमाणे खांबाला वाकवू पाहतो. म्हणून भार वाहणाऱ्या भिंतीच्या खांबात खाच एक-चतुर्थांशापर्यंत आणि भोक दोन-पंचमांशापर्यंत चालते. केवळ आडोशाच्या भिंतीत अनुक्रमे दोन-पंचमांश व तीन-पंचमांश. भोकाच्या बाहेर निदान १६ मिलिमीटर लाकूड उरले पाहिजे. हिशेब केला तर ८९ मिलिमीटरच्या भारवाही खांबात ३५ मिलिमीटरचेच भोक पडते. दीड इंची सांडपाण्याचा नळ बाहेरून ४८ मिलिमीटर असतो. तो येथे जात नाही, आडोशाच्या भिंतीत जेमतेम जातो. तीन इंची नळाचा व्यास तर खांबाच्या संपूर्ण खोलीएवढा! त्यामुळे स्नानगृहामागील एक भिंत मुद्दाम जाड, १४० मिलिमीटर खोल खांबांची करतात आणि मोठा नळ तिच्यात खांबांच्या मधून उभा सोडतात. तो वर जाताना माथ्याची आडवी पाटी कापतो. ती निम्म्याहून अधिक कापली गेली, तर तुटलेल्या दोन टोकांना लोखंडी पट्टी ठोकून बांधावे लागते. नळाभोवतीची फट अग्निरोधक द्रव्याने भरावी लागते, नाहीतर खालच्या मजल्यावरची आग या पोकळीतून धुराड्यातल्याप्रमाणे वर चढते.

अलीकडे अखंड लाकडाऐवजी प्लायवूडसारख्या पातळ पडद्याला वर व खाली जाड पट्ट्या चिकटवून केलेल्या कड्या वापरतात. त्यांचा छेद लोखंडी गर्डरासारखा दिसतो. वर सांगितलेले तत्त्वच येथे आकाराला आले आहे: मधले लाकूड आधीच काढून टाकलेले असते. अशा कडीच्या मधल्या पडद्यात बरेच मोठे भोक, कारखान्याने दिलेल्या तक्त्यानुसार, पाडता येते. वरच्या-खालच्या पट्टीला मात्र करवत लागताच कामा नये. छपराच्या कैच्यांचे तर एकही लाकूड कापू नये, कारण कैचीत प्रत्येक दांडा ताण किंवा दाब वाहत असतो, कितीही बारीक दिसला तरी.

भोक योग्य जागी पडले तरी काम संपत नाही. नळ खांबाच्या कडेजवळून जात असेल, तर पुढे कोणीतरी चित्र टांगण्यासाठी ठोकलेला खिळा थेट नळात शिरण्याचा संभव असतो. म्हणून तेथे सुमारे दीड मिलिमीटर जाडीची पोलादी पट्टी ठोकून ठेवतात. गरम पाण्याचा नळ तापला की वाढतो. दहा मीटर लांब तांब्याचा नळ ५० अंशांनी तापला तर साडेआठ मिलिमीटरने लांबतो, प्लॅस्टिकचा त्याच्या कितीतरी पट. भोक घट्ट असेल तर लाकडावर घासून तो रात्री-अपरात्री कुरकुरतो. म्हणून थोडी मोकळीक ठेवतात. आणि गळती हा तर लाकडाचा सर्वांत चिवट वैरी. मुंबईतील जुन्या चाळींत कड्यांची टोके विटांच्या भिंतीत रोवलेली असत. शेजारच्या मोरीचे पाणी भिंतीत झिरपून ती टोके आतल्या आत कुजत आणि बाहेरून कडी धडधाकट दिसे. कापली गेलेली किंवा कुजलेली कडी सापडली, तर तिच्या कडेला तेवढ्याच उंचीची नवी कडी पूर्ण लांबीची, दोन्ही आधारांपर्यंत पोचणारी, बोल्टांनी जखडून बसवितात. नुसता तुकडा ठोकून भागत नाही.

भारतात लाकडी सांगाड्याची घरे नाहीत असे नाही. काश्मीरमधील धज्जी-देवारी आणि ईशान्य भारतातील इकऱ्याच्या भिंतींची घरे त्याच जातीची आहेत, आणि वरील विचार त्यांना जसाच्या तसा लागू पडतो. परंतु आपल्या बहुतेक शाळा, कचेऱ्या व घरे विटांची आणि काँक्रीटची. विटेच्या भिंतीत नळ लपविण्यासाठी गवंडी चर खोदतो. कारागीर त्याला झिरी म्हणतात. वीट दाब उत्तम सोसते, ताण जवळजवळ सोसत नाही. उभा चर खोदला तर वरून येणारा भार त्याच्या दोन्ही बाजूंनी खाली उतरतो. आडवा चर खोदला तर त्याच्या संपूर्ण लांबीवर भिंत पातळ होते आणि भार एका कडेला ढकलला जातो. खांबातील खाचेचाच हा प्रकार. म्हणून विटांच्या भिंतींविषयीचे भारतीय मानक १९०५, त्याच्या १९८७ सालच्या आवृत्तीत, उभ्या चराला भिंतीच्या जाडीच्या एक-तृतीयांश खोली देते आणि आडव्याला केवळ एक-षष्ठांश. नऊ इंची, म्हणजे २३० मिलिमीटरच्या भिंतीत हे सुमारे ७६ व ३८ मिलिमीटर होते. दोन उभ्या चरांत २ मीटरपेक्षा कमी अंतर नसावे, आडवा चर १ मीटरहून लांब नसावा, आणि भार वाहणाऱ्या अर्ध्या विटेच्या भिंतीत चर मुळीच नसावा. चर खोदताना हातोड्याचे घाव घालण्यापेक्षा फिरत्या पात्याचे हत्यार वापरावे, असेही तेथे सुचविले आहे. घावाने आसपासच्या विटांचे सांधे ढिले होतात. मैलापाण्याचा ११० मिलिमीटरचा नळ या मापांत बसत नाही, हे उघड आहे. आपल्या इमारतींच्या मागील भिंतीवर उघडे नळ दिसतात ते डोळ्यांना बरे वाटत नाहीत, परंतु भिंत शाबूत राहते आणि गळती झाली तर लगेच दिसते. भूकंपाच्या प्रदेशात तर कापलेली भिंत हादऱ्याच्या वेळी चराच्या रेषेतच फाटू लागते.

सलोह काँक्रीटच्या तुळईत ताण सोसण्याचे काम तळाशी घातलेल्या सळया करतात आणि थरांचे सरकणे उभ्या कड्या रोखतात. सळई कापली गेली तर तुळईचे बळच गेले. यासाठी नळाची जागा आधी ठरवून, काँक्रीट ओतण्यापूर्वीच साच्यात तुळईच्या उंचीच्या मध्यावर, आधारापासून दूर, नळाहून मोठ्या व्यासाची नळी बसवितात आणि तिच्याभोवती जादा सळया देतात. स्लॅबमध्ये पुरावयाचा नळ स्लॅबच्या जाडीच्या एक-तृतीयांशाहून जाड नसावा, असा काँक्रीटच्या कामातील जुना दंडक आहे. काँक्रीट कठीण झाल्यावर छिद्र पाडण्याची वेळ आली, तर हिऱ्याची धार लावलेल्या यंत्राला खडी व पोलाद यांतला भेद कळत नाही. ते दोन्ही सारख्याच सहजतेने कापते. म्हणून अभियंत्याची संमती घेऊन प्रथम सळईशोधक उपकरण पृष्ठभागावरून फिरवितात, आतल्या सळयांच्या खुणा खडूने आखतात आणि त्या खुणांच्या मधली मोकळी जागा मिळाली तरच यंत्र लावतात.